सात घरांचे वार

पुण्याच्या पेठांत एकेकाळी गरीब विद्यार्थ्याची चौकशी करताना लोक विचारायचे, 'वार लागले का सगळे?' सोमवारी एका घरी जेवायचं, मंगळवारी दुसऱ्या, असं करत आठवड्याचे सात दिवस सात घरांत वाटायचे. पाचच वार लागले असतील, तर उरलेले दोन दिवस चुरमुऱ्यांवर नाहीतर पाण्यावर. माधुकरी वेगळी. तिच्यात झोळी घेऊन दारोदार फिरायचं आणि मिळेल ते एकत्र कालवून खायचं. वाराला पान मांडलेलं असे, वेळ ठरलेली असे, आणि त्या घरचं एखादं किरकोळ काम, विहिरीचं पाणी काढणं किंवा धाकट्याचे पाढे घेणं, कुणी न सांगता अंगावर येई.

या पद्धतीचं कौतुक करताना तिच्यातला ओशाळेपणा लोक विसरतात. शिवाय ती होती ब्राह्मण मुलांपुरती. मुलींचा प्रश्नच नव्हता आणि इतर जातींच्या मुलांसाठी त्या पंगतीत पान नव्हतं. त्यांच्यासाठी वसतिगृहं उभी राहावी लागली. कोल्हापुरात शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने 1901 मध्ये पहिलं मराठा बोर्डिंग निघालं आणि पाठोपाठ एकेका समाजाची निघत गेली. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये बोर्डिंग काढलं आणि सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसवली. तिथली चूल पेटती ठेवायला त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा.

एवढं सगळं मान्य करूनही वारांच्या हिशेबातली एक गोष्ट घेण्यासारखी आहे. कुठल्याच घरावर आठवड्यातून एका दिवसापेक्षा जास्त भार पडत नसे. त्यामुळे ते घर वर्षानुवर्षं वार चालवू शके, आणि एखाद्या घरी अडचण आली तर मुलाचा एक दिवस जाई, आठवडा जात नसे.

आज त्याच सदाशिव, नारायण, शनिवार आणि नवी पेठेत एमपीएससीवाली, म्हणजे महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या सरकारी नोकरीच्या परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली राहतात. वाड्यांच्या जागी इमारती आल्या, इमारतींत कॉट बेसिसवर, म्हणजे एकेक कॉट भाड्याने देणाऱ्या खोल्या आल्या, दर दोन गल्ल्यांनंतर अभ्यासिकेची पाटी आली. जेवणाचा प्रश्न मेसने सोडवला आहे, म्हणजे बुधवारी पुन्हा बटाटाच असतो, पण असतो. वार लागायला हवेत ते आता दुसऱ्याच गोष्टींचे.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, परीक्षेचं टेन्शन म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीचं. इथे तसं नसतं. आयोगाच्या परीक्षांतली मोठी ती राज्यसेवा, आणि तिची पूर्व परीक्षा दोन पेपरांची. सामान्य अध्ययनाचे 100 प्रश्न, सीसॅटचे, म्हणजे आकलन आणि बुद्धिमापनाच्या पेपरचे 80, दोन्ही पेपर 200 गुणांचे. सीसॅटमध्ये 33 टक्के मिळवून नुसतं पास व्हायचं, मेरिट ठरतं ते पहिल्या पेपरवर. त्यानंतर मुख्य. ती पूर्वी 800 गुणांची आणि जवळपास सगळी पर्याय निवडण्याची होती. 2025 पासून ती वर्णनात्मक झाली: नऊ पेपर, त्यांतले भाषेचे दोन नुसते पात्रतेचे, उरलेल्या सातांचे 1750 गुण आणि वर मुलाखतीचे 275. हा बदल दोन वर्षं आधीच येणार होता. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात मुलं रस्त्यावर बसली आणि आयोगाने तो पुढे ढकलला. ज्यांनी चार वर्षं गोल काळे करण्याचा सराव केला होता, त्यांच्या हातात आता पेन आलं. पद्धत चांगली की वाईट हा वाद बाजूला ठेवू. पण शिकलेलं अर्ध्यावर मोडून पुन्हा शिकायचं, तेही वय पुढे सरकत असताना, हे ओझं कुठल्याही वेळापत्रकात लिहिलेलं नसतं.

मग एखाद्या रात्री अकरा वाजता डोकं बंद पडतं. पुस्तक उघडं, मार्कर हातात, एकाच ओळीवरून चौथ्यांदा नजर जाते. मुलं म्हणतात, 'डोक्यातच जात नाहीये काही.' यात बुद्धीचा दोष क्वचित असतो. डोक्यात एकाच वेळी तीस गोष्टी 'विसरू नको' म्हणून ओरडत असतात आणि त्यांतली एकही पूर्ण वाक्यात बोलत नाही. 'भूगोल राहिलाय.' 'दाखला.' 'पप्पांचं ऑपरेशन.' 'टेस्ट सिरीजचे पैसे.' 'दीदीचं लग्न.'

याला उतारा जुनाच आहे, पण तो नीट करावा लागतो. कोरी वही घ्यायची, वीस मिनिटांचा गजर लावायचा आणि डोक्यात येईल ते, येईल त्या क्रमाने खाली उतरवायचं. दुखणारी दाढही लिहायची, मित्राचे देणे असलेले दोनशे रुपयेही. पान-दीड पान भरतं. मग प्रत्येक ओळीपुढे अभ्यास, कागद-पैसा किंवा माणसं यांपैकी एक खूण करायची. पहिल्यांदा करणाऱ्याला धक्का बसतो तो इथे, कारण ज्याला आपण अभ्यासाचं टेन्शन म्हणत होतो त्यातल्या निम्म्या ओळी अभ्यासाच्या नसतातच.

अभ्यासाच्या ओळींत हमखास होणारी चूक म्हणजे 'इतिहास' असं लिहून मोकळं होणं. 'इतिहास' कधी संपत नाही. 'समाजसुधारक, 30 पानं, मागच्या पेपरांतले 25 प्रश्न' हे संपतं. दुसरी चूक वेळेच्या अंदाजाची. दहा पानं घड्याळ लावून, नोट्स काढत वाचून पाहावीत. चाळीस मिनिटं लागली तर तीनशे पानांना वीस तास. अभ्यासिकेत बारा तास बसणाऱ्याने एकदा स्टॉपवॉच लावून फक्त खऱ्या वाचनाचा वेळ मोजावा. चहा, मोबाइल, पाणी, 'जरा बाहेर जाऊन येतो' हे सगळं वगळलं की सहा-सात तास उरतात, आणि तेवढे असले तरी पुष्कळ झाले. म्हणजे ती तीनशे पानं तीन दिवसांहून थोडी जास्त खाणार. हे आधी कळलं तर वेळापत्रक होतं. नंतर कळलं तर 'आपल्याच्याने होणार नाही' होतं. आठवड्यातला एक दिवस मोकळा ठेवावा, सांडलेलं भरून काढायला. तो भरून काढायलाही नाही लागला तर झोपायला.

टेलिग्रामवरच्या पीडीएफबद्दल एकच: डाउनलोड केलेलं वाचल्यात जमा होत नाही, पण न वाचल्याची टोचणी मात्र प्रत्येक फाइलमागे एक अशी वाढत जाते.

आता उरलेल्या दोन खुणा. कागद-पैसा आणि माणसं. अभ्यास वाढवून त्या एक इंचही हलत नाहीत, आणि वार लावायचे ते इथे.

पहिला वार कागदांचा. तो गावी असलेल्या माणसाचा, वडिलांचा नाहीतर मोठ्या भावाचा. आरक्षणासाठी लागणारं, घरचं उत्पन्न मर्यादेच्या आत असल्याचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रच घ्या. ते त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या 31 मार्चपर्यंतच चालतं आणि जाहिरात कधी येईल ते आपल्या हातात नसतं. त्यासाठी तहसीलदारांचा तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, जातीचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, रेशनकार्ड, आधार. अर्ज आपले सरकार सेवा केंद्रातून करता येतो, पण सही प्रांत कार्यालयात अडते आणि सर्व्हर डाउन असतो. नावातली एक वेलांटी दाखल्यात आणि आधारात वेगळी निघाली की पुन्हा पहिल्यापासून. फॉर्मची शेवटची तारीख चार दिवसांवर असताना हे काम पुण्यात बसून फोनवर करणं म्हणजे आठवडा वाया. तेच जानेवारीत सगळ्या कागदांच्या झेरॉक्सचा एक संच गावी ठेवला आणि 'एप्रिल उजाडला की हे तुमचं' असं सांगितलं, तर दहावीच्या पुढे पुस्तक न उघडलेले वडीलही मुलाच्या डोक्यावरून एक धोंडा उचलून नेऊ शकतात. बऱ्याच वडिलांना नेमकं हेच हवं असतं. 'आम्हाला त्यातलं काय कळतंय' असं म्हणणाऱ्या माणसाला सापडलेलं हे त्याचं स्वतःचं काम असतं, आणि तहसीलमध्ये कुठल्या टेबलाशी कसं बोलायचं हे त्याला पोरापेक्षा चांगलं कळतं.

पैशाचा वार याला चिकटूनच, पण वेगळा ठेवावा. समजा घरून महिन्याला आठ हजार येतात. रक्कम आणि तारीख वर्षाच्या सुरुवातीला एकदाच ठरवावी आणि ते पैसे कसे उभे राहिले हेही एकदाच, स्पष्ट सांगावं. दर महिन्याला 'सोयाबीन विकून पाठवलेत बरं का' ऐकलेलं पोर मेसमध्ये दुसरी पोळी घेताना कचरतं आणि टेस्ट सिरीज लावायची टाळतं. घरच्यांचा हेतू जाणीव करून देण्याचा असतो. पण ती जाणीव पोराला आधीच आहे, म्हणून तर ते अकरा वाजता जागं आहे.

घरच्या फोनचा वारही ठरवून घेतलेला बरा. रात्री नऊनंतर सात-आठ मिनिटं. 'अभ्यास कसा चाललाय?' हा प्रश्न प्रेमाचा असला तरी त्याला खरं उत्तर देता येत नाही. 'चाललाय' म्हटलं तर खोटं, 'नाही चालला' म्हटलं तर आई रात्रभर जागी. उलट 'जेवलास का? भाजी कसली होती?' याला उत्तर आहे, आणि त्या उत्तराच्या आवाजावरून आईला हवं ते सगळं कळतं. मुलं या प्रश्नाला हसतात. हसू द्यावं, पण विचारणं थांबवू नये.

फोनवर लपवालपवीही होते, दोन्ही बाजूंनी. वडिलांची अँजिओग्राफी झालेली मुलीला महिन्याभराने मामेभावाकडून कळते, कारण 'तिचा अभ्यास बुडू नये.' त्यानंतर घरून आलेल्या 'सगळं ठीक आहे' या वाक्यावर तिचा विश्वास बसत नाही, आणि प्रत्येक अवेळी आलेल्या फोनला छातीत धस्स होतं. 'असं असं झालंय, आता बरं आहे, तू यायची गरज नाही, लागली तर आम्हीच बोलावू' एवढं त्याच दिवशी सांगितलेलं परवडतं. पूर्व निघाली नाही हे सहा महिने लपवणाऱ्या मुलांनाही हेच लागू.

मुलींच्या बाबतीत एक जादा वार लागतो, पाहुण्यांचा. मुलगा पेठेत पाच वर्षं काढतो तेव्हा तो 'तयारी करतोय' असतो. मुलीला बहुतेक घरांत 'दोन वर्षं देतो, मग स्थळं बघायची' अशी मुदत मिळते आणि प्रत्येक दिवाळीला तिची उजळणी होते. अशा वेळी मावशी, आत्या किंवा वहिनी यांपैकी एकीने पुढे उभं राहावं. बायोडेटा मागणाऱ्याला 'मुख्यचा निकाल लागू द्या, मग बोलू' हे तिने सांगावं, मुलीला सांगायला लावू नये. पाहुणे मुलीचं ऐकत नाहीत, पण आत्याला घाबरतात.

पेठेतल्या माणसांत रूम पार्टनर सगळ्यांत जवळचा, म्हणून सगळा भार त्याच्यावर टाकण्याचा मोह होतो. तो टाळावा. तोही त्याच परीक्षेला बसलाय. त्याचा वार झोपेचा आणि जेवणाचा. दोन दिवस मेसला आला नाही, दिवसा झोपतो, फोन स्विच ऑफ, अभ्यासिकेतल्या जागेवर धूळ, आणि कशालाही 'बघू' असं उत्तर: हे त्यालाच आधी दिसतं. दिसलं तर 'काय झालंय तुला?' असं विचारून फार काही हाती लागत नाही. पार्सल आणून ठेवावं, 'चल, खाली चहाला' म्हणावं, आणि चहा होईपर्यंत गप्प बसावं. बोलायचं असेल तर दुसऱ्या कटिंगला बोलतो. सल्ला द्यायची घाई करू नये, आणि 'अरे, मला तर यापेक्षा वाईट वाटतंय' हे तर अजिबात म्हणू नये. ते खरं असलं तरी.

अभ्यासाचा वार वेगळ्या मित्राचा असावा, शक्यतो ज्याच्याशी खोली शेअर करत नाही अशाचा. आठवड्यातून दोनदा, प्रत्येकाने दहा प्रश्न काढून आणायचे आणि पुस्तक मिटून एकमेकांना विचारायचे. वर्णनात्मकसाठी एकाच प्रश्नाचं दीडशे शब्दांचं उत्तर दोघांनी आठ मिनिटांत लिहायचं आणि वह्या बदलायच्या. तपासताना तीनच गोष्टी बघाव्यात: विचारलं होतं तेच लिहिलंय का, एखादं ठोस उदाहरण किंवा आकडा आहे का, अक्षर लागतं का. लाल पेनाने दोनच शेरे मारावेत. दहा मारले की पुढच्या आठवड्यात तो येत नाही. पाच-सहा जणांचा ग्रुप केला तर पहिला आठवडा छान जातो, दुसऱ्यात कटऑफची चर्चा सुरू होते आणि तिसऱ्यात नुसता चहा उरतो. दोन किंवा फार तर तीन जण पुरे.

आणि एक वार तयारी न करणाऱ्याचा. गावाकडचा शाळासोबती, मोटारपंप रिवाइंडिंग करणारा किंवा दूध संकलन केंद्र चालवणारा, ज्याला सीसॅट म्हणजे काय हे ठाऊक नाही आणि जाणून घ्यायची इच्छाही नाही. तो फोनवर म्हैस, क्रिकेट आणि सरपंचाची नवी गाडी याबद्दल बोलतो. पेठेत चोवीस तास तीनच विषय चालतात, जागा, जाहिरात आणि कटऑफ. रविवारची ती पंधरा मिनिटं म्हणजे कोंडलेल्या खोलीची खिडकी.

निकालाच्या दिवसाचे वार आधीच ठरलेले असले तर निभतं. पूर्वच्या पहिल्या पेपरात बरोबर उत्तराला दोन गुण आणि चुकीच्याला पाव भाग, म्हणजे अर्धा गुण वजा. जो प्रश्न बरोबर येता येता चुकला तो अडीच गुणांना पडतो. त्यामुळे दोन गुणांनी यादीबाहेर राहिलेला मुलगा म्हणजे एका गोलाने बाहेर राहिलेला मुलगा. घरी हे समजावता येत नाही आणि त्या दिवशी समजावायला जाऊही नये. यादी लागली की पीडीएफमध्ये आपला नंबर एकट्याने शोधू नये, एक जण शेजारी असावा. घरी फोन कुणी करायचा हे ठरलेलं असावं. कित्येकदा रूम पार्टनरने केलेला बरा. यशस्वी झालेल्याने त्या संध्याकाळी गुलाल उधळावा, तो त्याचा हक्क आहे, फक्त खोलीबाहेर. आणि पुढे काय, प्लॅन बी काय, कंबाइन (आयोगाचीच खालच्या पदांची संयुक्त परीक्षा) की सरळसेवा (खात्यांची थेट भरती), ही चर्चा आठ दिवस कुणी काढू नये. आठ दिवसांनी मात्र नक्की काढावी, वही-पेन घेऊन.

वारांनाही मर्यादा आहे. झोप दोन आठवडे उडालेली, जेवण तुटलेलं, 'मी नसलो तर सगळ्यांचंच बरं होईल' अशा वळणाचं बोलणं, आवडीच्या वस्तू, पुस्तकं वाटून टाकणं: यातलं काही दिसलं तर चहाने भागत नाही. जीव नकोसा झाल्याचा विचार मनात येतो का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट सांगायला वाट मिळते. त्याला एकटं सोडू नये, घरी कळवावं, डॉक्टरांकडे सोबत जावं. सरकारची टेली मानस हेल्पलाइन 14416 वर चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा नंबर अभ्यासिकेच्या पाण्याच्या कूलरवर चिकटवलेला असावा. 'शांतता राखा' शेजारी सहज मावतो.

परतफेडीचं काय, हा प्रश्न मुलांना फार सतावतो. 'पोस्ट निघाली, म्हणजे निवड झाली, की सगळ्यांचं फेडेन' असं मनात धरून बसलेला मुलगा पोस्ट निघेपर्यंत कुणाला साधं बरं वाटलं असंही म्हणत नाही. ते फेडणं इतकं मोठं करून ठेवायची गरज नसते. आपल्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर घालतात.

खेड्यातून तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी शिकायला राहिलेल्या मुलांचा डबा एसटीने यायचा. काही मार्गांवर अजूनही येतो. जून 1948 मध्ये पुणे–अहमदनगर पहिली एसटी धावली, आणि पुढे गावोगाव पोहोचलेल्या लाल गाडीने माणसांइतकेच डबे वाहिले. पहाटे उठून थापलेल्या भाकरी, कोरडी भाजी, लसणाची चटणी. पातळ कालवण दिलं की खड्ड्यात हिंदकळून दप्तराएवढा डाग पडायचा आणि उन्हाळ्यात आंबायचं, म्हणून झुणका किंवा ठेचा. झाकणावर नाव कोरलेलं किंवा ऑइलपेंटने घातलेलं. पहिल्या गाडीच्या कंडक्टरकडे डबा द्यायचा, पोराने स्टँडवर गाडीला हजर राहायचं, आणि कालचा डबा धुऊन त्याच गाडीने परत पाठवायचा. त्या रिकाम्या डब्यात वहीच्या पानाचा तुकडा असे. 'चटणी संपली. भाकरी दोनच दे, तिसरी उरते. सोमवारी पेपर आहे, गाडीला उशीर होईल, दुसऱ्या गाडीला दे. तुझा गुडघा कसाय?'